उशिरा पोचलेला इशारा

फ्रान्समधल्या औषधाच्या दुकानातून आज व्हॅल्प्रोएटची डबी घेतली, तर तिच्यावर गरोदर बाईची आकृती आणि त्या आकृतीवरून गेलेली तिरकी रेघ दिसते. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही कळावं असं हे चित्र आहे. व्हॅल्प्रोएट हे आकडीवरचं औषध. फ्रान्समध्ये ते १९६७ साली बाजारात आलं. पोटातल्या बाळाला त्याच्यापासून धोका असल्याचा ठोस पुरावा त्याच देशातल्या ल्यों शहरातून १९८२ साली पुढे आला. आणि डबीवर हे चित्र छापलं गेलं २०१७ साली.

पुरावा आणि चित्र यांच्यामध्ये ३५ वर्षं गेली. ती कशी गेली हे समजून घ्यायचं, तर थोडं मागे जावं लागतं. कारण आकडीच्या प्रत्येक औषधाची सावधगिरी माणसांनी आधी सोसली आणि मग ती कागदावर उतरली.

चरकसंहितेत अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहे. पण ज्याने झटके खरोखर कमी होतात असं पहिलं रसायन सापडलं ते लंडनमध्ये. मे १८५७ मध्ये तिथल्या वैद्यकीय सभेत अपस्मारावर चर्चा चालू होती. अध्यक्षस्थानी सर चार्ल्स लोकॉक होते, राणी व्हिक्टोरियाची बाळंतपणं करणारे डॉक्टर. पाळीच्या दिवसांत झटके येणाऱ्या चौदा-पंधरा बायकांना आपण पोटॅशियम ब्रोमाइड दिलं आणि एकीचा अपवाद सोडता सगळ्यांना गुण आला, असं त्यांनी सांगितलं. झटक्यांचं मूळ कामवासनेत असतं आणि ब्रोमाइड ती वासना शमवतं, अशी त्या काळची समजूत होती. समजूत चुकीची निघाली, औषध मात्र लागू पडलं.

त्याची किंमतही लवकरच दिसू लागली. अंगावर पुळ्या उठत. माणूस दिवसभर गुंगीत राही, बोलताना जीभ जड होई, स्मरण कमी होई आणि काहींना भास होऊ लागत. याला डॉक्टरांनी ‘ब्रोमिझम’ असं नाव दिलं. शरीरात गेलेल्या ब्रोमाइडचा निम्मा भाग बाहेर पडायलाच सुमारे १२ दिवस लागतात. त्यामुळे रोजच्या डोसाने ते साठत जाई. साठलेल्या ब्रोमाइडने माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागला, की ‘मिरगीने डोकं फिरलं’ असं समजून डोस आणखी वाढवला जाई. औषधाच्या त्रासाला रोगाचा त्रास समजण्याची ही गफलत पुढेही वारंवार होत राहिली.

१९१२ साली जर्मनीत फ्रायबुर्ग इथे आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरने रुग्णांना शांत झोप लागावी म्हणून फेनोबार्बिटल दिलं, तेव्हा त्यांचे झटकेही कमी झाल्याचं त्याला आढळलं. हे औषध आपल्याकडे ‘गार्डिनल’ म्हणून घरोघरी माहीत आहे. स्वस्त असल्यामुळे शंभर वर्षांनंतरही ते टिकून आहे. मोठ्यांना त्याने झोप येते, लहान मुलं उलट चिडचिडी आणि चंचल होतात. आकडीच्या औषधांचा पहिला मोठा नियम याच औषधाने पक्का केला. गोळी एकदम बंद करायची नाही. बरं वाटतंय म्हणून किंवा संपली म्हणून गोळ्या अचानक थांबवल्या, तर झटके आधीपेक्षा जोराने परत येतात आणि कधी कधी एकामागून एक येतच राहतात. अशा न थांबणाऱ्या झटक्यांत जीव जाऊ शकतो.

त्यानंतर आलं फेनिटॉइन. बॉस्टनच्या ह्यूस्टन मेरिट आणि ट्रेसी पुटनम यांनी मांजरांवर विजेच्या झटक्यांचे प्रयोग करून ते निवडलं आणि १९३८ साली माणसांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. न झोपवता झटका थांबवणारं औषध मिळाल्याचा आनंद मोठा होता. पुढच्याच वर्षी हिरड्या सुजून दातांवर चढत असल्याची नोंद झाली. अंगावर केस वाढणं, चेहऱ्याची ठेवण जाड होणं हेही दिसलं. किशोरवयीन मुलींना ही गोष्ट किती लागत असेल, ते औषधाच्या कागदात कुठेच लिहिलेलं नसतं.

फेनिटॉइनची सगळ्यांत बोलकी हकिकत ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात १९६८-६९ मध्ये घडली. वर्षानुवर्षं त्याच डोसावर नीट असलेले रुग्ण एकाएकी तक्रारी घेऊन येऊ लागले. समोरचं दोन-दोन दिसतं, डोळे थरथरतात, उलट्या होतात, चालताना तोल जातो. रस्त्यात कुणी पाहिलं तर दारू प्यायलाय असंच वाटावं. डोस कुणी वाढवला नव्हता, कॅप्सूल तेवढ्याच ताकदीची होती. रक्त तपासलं तेव्हा औषधाचं प्रमाण विषारी पातळीवर गेलेलं निघालं. शोध घेता घेता कारण सापडलं ते कॅप्सूलच्या भरीत. औषधाची मात्रा अगदी थोडी असते, म्हणून कॅप्सूल भरायला सोबत एखादी निरुपद्रवी पूड घालतात. कंपनीने पूर्वीच्या कॅल्शियम सल्फेटऐवजी दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज वापरायला सुरुवात केली होती. कॅल्शियम सल्फेटमुळे फेनिटॉइनचा बराच भाग पोटात न शोषता तसाच बाहेर पडत असे. लॅक्टोजबरोबर तो पुरता रक्तात जाऊ लागला.

यात फेनिटॉइनचा एक स्वभावही आड आला. यकृताची हे औषध पचवण्याची क्षमता ठरावीक आहे. तिची मर्यादा संपली, की डोस जरासा वाढला तरी रक्तातलं प्रमाण झपाट्याने चढतं. आकडीची गोळी एका कंपनीची घेत असाल तर डॉक्टरांना न विचारता दुसऱ्या कंपनीची घेऊ नका, ही सूचना ब्रिस्बेनच्या त्या रुग्णांनी कमावून दिलेली आहे. ‘तीच गोळी आहे, फक्त कंपनी वेगळी’ असं मेडिकलवाल्याने काउंटरवर सांगितलं, तरी आकडीच्या रुग्णाने तेवढ्यावर समाधान मानू नये.

व्हॅल्प्रोएटचा जन्म या सगळ्यांपेक्षा अजब आहे. बर्टन नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने व्हॅल्प्रोइक आम्ल १८८२ साली तयार केलं होतं. पुढची ८० वर्षं ते फक्त द्रावक म्हणून वापरात राहिलं, म्हणजे इतर पदार्थ विरघळवायचं द्रव. १९६२च्या सुमारास ग्रेनोबलमध्ये पिएर एमार हा तरुण संशोधक काही नवी संयुगं तपासत होता. ती पाण्यात विरघळेनात, म्हणून त्याने हे द्रव वापरलं. प्राण्यांवर चाचण्या झाल्या आणि सगळीच संयुगं झटके रोखताना दिसली. निरनिराळी संयुगं एकच काम कसं करतात, हा प्रश्न पडला आणि उत्तर समोरच होतं. काम संयुगं करत नव्हती, ज्यात ती विरघळवली होती ते द्रव करत होतं. १९६३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि चार वर्षांत औषध दुकानात पोचलं.

आणि ते खरोखर गुणकारी ठरलं. नजर शून्यात लागून मूल क्षणभर हरवतं ते झटके, सकाळी उठल्यावर हातातला कप उडवणारे स्नायूंचे झटके आणि अंग आवळून बेशुद्ध करणारे मोठे झटके, असे अनेक प्रकार एका औषधाने आटोक्यात येऊ लागले. गुंगी कमी होती. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासातही, सबंध मेंदूतून एकदम उठणाऱ्या झटक्यांवर व्हॅल्प्रोएटच सर्वांत परिणामकारक ठरलं. हे विसरून त्याच्या दुष्परिणामांविषयी बोलणं अन्यायाचं होईल. हजारो माणसं त्याच्या जोरावर शाळेत गेली, नोकरीला लागली.

वजन वाढणं, केस गळणं, हात थरथरणं हे त्रास लवकर लक्षात आले. १९७०च्या दशकाच्या शेवटी यकृत निकामी होऊन झालेल्या मृत्यूंच्या बातम्या आल्या. अमेरिकेतल्या फ्रिट्झ ड्रायफस आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली त्यांचा हिशेब मांडला. दोन वर्षांखालच्या आणि एकापेक्षा जास्त औषधं घेणाऱ्या मुलांत हा धोका ५०० मध्ये १ होता. दोन वर्षांवरच्या, फक्त व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या रुग्णांत तो ३७,००० मध्ये १ इतका खाली येत होता. धोका कुणाला आहे हे कळल्यावर डॉक्टरांनी लहानग्यांना औषध देणं कमी केलं. सुस्ती, सतत उलट्या, भूक मरणं, कावीळ, आणि आटोक्यात असलेले झटके पुन्हा सुरू होणं ही धोक्याची लक्षणं पालकांना सांगितली जाऊ लागली. इथे व्यवस्थेने आपलं काम केलं, आणि दहा-बारा वर्षांत केलं. म्हणूनच पुढची गोष्ट जास्त बोचते.

ल्योंच्या परिसरात जन्मजात व्यंगांची नोंदवही ठेवली जात होती. तिथे काम करणाऱ्या डॉ. एलिझाबेथ रोबेर यांच्या लक्षात आलं, की पाठीचा कणा उघडा राहिलेल्या बाळांच्या आयांमध्ये व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या बायका अपेक्षेपेक्षा फारच जास्त आहेत. १९८२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे आकडा ठरला तो असा: गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या शंभर जणींपैकी एक-दोघींच्या बाळाला हा कण्याचा दोष होतो. हृदय, टाळू, हातपाय यांच्यातले दोष धरले तर सुमारे १० टक्के बाळांत मोठं व्यंग आढळतं. एरवी हे प्रमाण २ ते ३ टक्के असतं.

यात वेळेचं गणित क्रूर आहे. ज्या नळीपासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतो, ती गर्भ राहिल्यापासून चौथ्या आठवड्याच्या शेवटापर्यंत मिटून पूर्ण होते. त्या दिवसांत बऱ्याच बायकांना आपल्याला दिवस गेलेत याची कल्पनाही नसते. पाळी चुकली, तपासणी केली, डॉक्टरांकडे गेल्या, तोवर नळीचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणजे या औषधाची सावधगिरी गरोदरपणात सांगून भागत नाही, ती लग्नाआधी किंवा निदान मूल हवं असं ठरवण्याआधी सांगावी लागते. फॉलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या जातात आणि त्या घ्याव्यातच, पण व्हॅल्प्रोएटचा धोका त्यांनी पुसला जातो अशी खात्री देता येत नाही.

दुसरा धोका कळायला आणखी उशीर झाला, कारण तो जन्मताना दिसत नाही. बाळ गुटगुटीत असतं, सगळी बोटं असतात, आणि मग बोलायला उशीर होतो, शाळेत लक्ष लागत नाही, स्वमग्नतेची लक्षणं दिसतात. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये आकडीची निरनिराळी औषधं घेणाऱ्या आयांच्या मुलांचा सहा वर्षांच्या वयापर्यंत पाठपुरावा करणारा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. आईने व्हॅल्प्रोएट घेतलेल्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी ९७ निघाला. कार्बामाझेपिन घेतलेल्या आयांच्या मुलांचा १०५ होता, लॅमोट्रिजिन आणि फेनिटॉइनवाल्यांचा १०८. डोस जितका मोठा, तितकं नुकसान जास्त. गर्भात या औषधाला सामोऱ्या गेलेल्या मुलांपैकी ३० ते ४० टक्क्यांच्या वाढीत काही ना काही अडचण येते, असं युरोपच्या औषध नियामक संस्थेने सांगितलं.

मग बायकांना कधी सांगितलं गेलं? ब्रिटनमधली कागदपत्रं या बाबतीत स्पष्ट आहेत. औषधाला मंजुरी देताना, १९७३ साली, प्राण्यांवरच्या प्रयोगांत गर्भाला इजा झाल्याचं नियामकांना माहीत होतं. ही माहिती डॉक्टरांना द्यावी, पण रुग्णांच्या हाती पडणाऱ्या कागदावर ती नसावी, नाहीतर बायका उगाच काळजी करतील, असं ठरलं. काळजी करायचा हक्क ज्यांचा होता, त्यांच्याच वतीने दुसऱ्यांनी हे ठरवलं. मूल विशेष गरजांचं निघाल्यावर कित्येक आयांनी स्वतःला दोष दिला, दुसऱ्या आणि तिसऱ्या गरोदरपणातही तीच गोळी घेतली. जॅनेट विल्यम्स आणि एमा मर्फी या दोन ब्रिटिश आयांनी अशा कुटुंबांना एकत्र केलं आणि सरकारच्या मागे लागल्या. २०१८ साली ब्रिटनमध्ये नियम झाला, की मूल होण्याच्या वयातल्या बाईला गर्भनिरोधाची पक्की व्यवस्था आणि दरवर्षी तज्ज्ञाची सही असल्याशिवाय व्हॅल्प्रोएट द्यायचं नाही. जुलै २०२० मध्ये ज्युलिया कंबरलेज यांच्या समितीचा अहवाल आला. बायका वर्षानुवर्षं सांगत होत्या आणि व्यवस्थेने ऐकलं नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं.

फ्रान्समध्ये हेच काम मारीन मार्टिन यांनी केलं. आपल्या दोन्ही मुलांच्या अडचणींचं मूळ आपल्याच गोळीत असल्याचं त्यांनी स्वतः वाचून शोधून काढलं आणि २०११ साली पीडित पालकांची संघटना उभी केली. सरकारी चौकशी झाली, भरपाईची योजना आली. एप्रिल २०१७ मध्ये सरकारी संस्थांनी अंदाज प्रसिद्ध केला. १९६७ ते २०१६ या काळात फ्रान्समध्ये २,१५० ते ४,१०० मुलं या औषधामुळे मोठं व्यंग घेऊन जन्मली होती. जानेवारी २०२२ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने व्हॅल्प्रोएट बनवणाऱ्या सानोफी कंपनीने माहिती देण्यात कसूर केल्याचा निकाल दिला. कंपनीने तो मान्य केला नाही.

भारतात याचं चित्र कसं आहे? केरळमध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. संजीव थॉमस यांनी १९९८ साली अपस्मार आणि गरोदरपण यांची नोंदवही सुरू केली. शेकडो आयांची आणि बाळांची माहिती तिथे काळजीपूर्वक जमवली गेली, आणि व्हॅल्प्रोएटचा धोका भारतीय बायकांतही तसाच असल्याचं तिथून दिसलं. देशातल्या डॉक्टरांच्या हाती स्वतःचा पुरावा आहे.

अडचण पुढच्या टप्प्यावर आहे. युरोपने डबीवर चित्र छापलं, कारण तिथे रुग्णाला अख्खी डबी मिळते. आपल्याकडे दुकानदार कात्रीने स्ट्रिप कापतो आणि आठ दिवसांच्या गोळ्या कागदी पाकिटात घालून देतो. डबी आणि तिच्यातला घडीचा कागद दुकानातच राहतो. कापलेल्या तुकड्यावर कधी औषधाचं नावही पुरतं उरत नाही, मग इशारा कुठून उरणार?

त्याहून मोठा अडथळा घराघरांत आहे. १९९९ सालच्या दुरुस्तीपर्यंत हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार झटके हे लग्न रद्दबातल ठरवण्याचं कारण होतं. कायद्यातून ते कलम गेलं, मनातून गेलेलं नाही. मुलीला फिट येतात हे स्थळाला कळू नये म्हणून आईबाप जपतात. लग्नानंतर गोळ्या माहेरून गुपचूप येतात, साडीच्या घडीत लपवल्या जातात आणि संधी मिळेल तशा घेतल्या जातात. कुणी पाहील म्हणून चुकतातही. अशी मुलगी ‘मला मूल हवंय, गोळी बदलायची का?’ हा प्रश्न घेऊन मेंदूच्या डॉक्टरांकडे कशी जाणार? आणि स्त्रीरोगतज्ज्ञांसमोर सासू शेजारी बसलेली असताना ‘कुठली औषधं चालू आहेत?’ या प्रश्नाला ती काय उत्तर देणार? गैरसमज लग्नापुरतेच नाहीत. झटका आला की अजूनही चप्पल किंवा कांदा हुंगवायला लोक धावतात. त्याने काही होत नाही. कुशीवर वळवावं, डोक्याखाली मऊ काही ठेवावं, तोंडात काही घालू नये. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर दवाखान्यात न्यावं.

सावधगिरीची यादी अजून वाढते आहे. कार्बामाझेपिनने काही रुग्णांची कातडी भाजल्यासारखी सोलून निघते. २००४ साली तैवानच्या संशोधकांनी अशा ४४ रुग्णांची तपासणी केली, तेव्हा सगळ्या ४४ जणांत एक विशिष्ट जनुक सापडलं. २००७ पासून अमेरिकेत आशियाई वंशाच्या रुग्णांना हे औषध सुरू करण्याआधी त्या जनुकाची चाचणी करावी अशी सूचना आहे. भारतातही असे रुग्ण नोंदले गेले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये युरोपच्या नियामक संस्थेने पुरुषांसाठीही इशारा दिला. गर्भधारणेआधीच्या तीन महिन्यांत वडील व्हॅल्प्रोएट घेत असतील, तर मुलांच्या वाढीत अडचणी येण्याचं प्रमाण थोडं जास्त असू शकतं, शंभरात तीनऐवजी पाच. हा पुरावा अजून कच्चा आहे, पण या वेळी तो कळल्याबरोबर सांगितला गेला.

हे वाचून कुणी आज रात्रीची गोळी टाळू नये. गरोदर बाईने तर मुळीच टाळू नये. औषध अचानक थांबवल्याने येणारा मोठा झटका आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर उठू शकतो. ज्या घरात आकडीच्या गोळ्या चालू आहेत, तिथे गोळीचं पूर्ण नाव आणि डोस एका कागदावर लिहून ठेवावा. मुलगी वयात आली असेल, लग्न ठरत असेल किंवा मूल हवं असेल, तर तो कागद घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावं आणि व्हॅल्प्रोएट चालू असेल तर दुसरं औषध चालेल का, हे दिवस जाण्याच्या निदान काही महिने आधी विचारावं. मेडिकलमधून गोळ्या घेताना डबीतला कागद मागून घ्यावा.